धावेपासून चेसिसपर्यंत : जुन्नर-आंबेगाव परिसरातील वाहनांचा गंज आणि उत्पादकाच्या जबाबदारीचा इतिहास

बीजसंज्ञा : बलुतेदारी, मालवाहू वाहन, चेसिस, गंज, ग्राहक संरक्षण, उत्पादन दायित्व

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेस माळशेज, नाणेघाट व भीमाशंकर यांच्या आसपासची अतिपावसाची डोंगरपट्टी, मध्यभागी मीना, कुकडी व घोड या नद्यांची बागायत खोरी आणि पूर्वेस बेल्हे, पारगाव या बाजूचा कमी पावसाचा प्रदेश, असे या भागाचे स्वरूप आहे. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव व आळेफाटा या बाजारगावांतून जातो. त्याच रस्त्यावर पुण्याच्या बाजूला खेड तालुक्यातील चाकण हे वाहननिर्मितीचे केंद्र आहे. म्हणजे वाहन घडविणारे कारखाने आणि त्या वाहनांवर उपजीविका करणारे शेतकरी व वाहतूकदार हे एकाच रस्त्यावरचे शेजारी आहेत.

पुणे परिसरातील वाहन उद्योगाचा इतिहास लिहिताना भांडवल, तंत्रज्ञान व कामगार चळवळ यांचा विचार झाला आहे. कर्ज काढून गाडी घेणारा आणि तिच्यावर घर चालविणारा मालक मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. त्याच्या दृष्टीने गाडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे तिचा सांगाडा, ज्यास सर्वत्र चेसिस म्हणतात. इंजिन उतरवून बांधता येते, टायर बदलता येतो, पण चेसिस गंजून कुजली की गाडी संपली. प्रस्तुत निबंधात या गंजाच्या निमित्ताने वस्तू घडविणाऱ्याची जबाबदारी कोठवर पोहोचते आणि ती हद्द वेळोवेळी कोणी आखली, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

कारागीर, श्रेणी आणि बलुते

जुन्नर हे सातवाहनकाळापासूनचे व्यापारी नगर होय. नाणेघाटातून कल्याणकडे जाणारा मार्ग या नगराच्या भरभराटीचा पाया होता. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत धान्यव्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. या श्रेणींकडे कायम स्वरूपाच्या ठेवी सोपविल्या जात व त्यांच्या उत्पन्नातून धर्मकार्याचा खर्च भागविला जाई. कारागिरांचा समूह ही विश्वास ठेवण्याजोगी, व्यक्तीच्या मृत्यूनंतरही टिकणारी संस्था आहे, असे दात्यांना वाटत होते, हे यावरून दिसते. अर्थात या शिलालेखांत मालाच्या दर्जाविषयी काही सांगितलेले नाही, त्यामुळे त्यातून याहून अधिक अर्थ काढणे योग्य ठरणार नाही.

मध्ययुगीन व ब्रिटिशकालीन खेड्यात ही जबाबदारी बलुतेदारीच्या चौकटीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. सुतार व लोहार हे बलुतेदारांत अग्रक्रमाचे मानले जात. बैलगाडीचे चाक, आरे व आस ही सुताराची कामे, तर चाकावर चढविलेली लोखंडी धाव हे लोहाराचे काम. धाव भट्टीत लाल करून चाकावर बसवीत आणि लगेच पाणी ओतून आवळीत. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल होई आणि ती पुन्हा आवळून द्यावी लागे. लोखंड येथेही गंजत असे, परंतु रोजच्या फिरण्याने धाव घासून चकचकीत राही आणि आसाला वंगण मिळे. गाडीचा मुख्य सांगाडा तर लाकडाचाच होता. त्याला वाळवी लागे, गंज लागत नसे.

या व्यवस्थेत हमीपत्र नव्हते, हमीची मुदतही नव्हती. दुरुस्ती बलुत्यात येई आणि बलुते सुगीला खळ्यावर मिळे. काम नीट न केल्यास कुणबी पेंढीला हात आखडता घेई. म्हणजे घडविणाऱ्याची जबाबदारी दरवर्षी नव्याने तपासली जात होती आणि तपासणारा व घडविणारा एकमेकांच्या घरी ओळखीचे होते. तथापि या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. आत्रे यांनीच बलुतेदारांच्या कामचुकारपणावर आणि कुणब्यावर पडणाऱ्या भारावर कठोर टीका केली आहे. शिवाय ही जबाबदारी जातीच्या उतरंडीत बांधलेली होती. कुणब्याला दाद मागण्याचे साधन होते तसे ते लोहाराला नव्हते. खळ्यावर ताटकळत उभे राहणारा तोच असे.

कारखान्याचे लोखंड

कारखान्यात तयार झालेले लोखंडी अवजार पश्चिम महाराष्ट्राच्या शेतकऱ्यापर्यंत प्रथम पोहोचले ते नांगराच्या रूपाने. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराविषयी सुरुवातीला शेतकऱ्यांना मोठी शंका होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची उभारणी झाल्यानंतर या मालाला बाजारपेठ मिळाली आणि १९२० मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'सारख्या प्रकाशनातून कारखाना गिऱ्हाइकाशी बोलू लागला. येथे एक महत्त्वाचा बदल घडला. घडविणारा माणूस दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी वस्तूवर ओतीव अक्षरांतील नाव आले. विश्वास आता नावावर ठेवायचा होता.

स्वातंत्र्यानंतर मोटार वाहनांच्या बाबतीत हेच अंतर कितीतरी पटींनी वाढले. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तीनचाकीचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. आजही जुन्नरच्या बाजारात कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतात, मूळ कंपनीने मात्र २००५ मध्ये आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. टेल्कोचा ४०७ हा हलका ट्रक १९८६ मध्ये आला. आकुर्डी, पिंपरी या गावांची नावे उत्तर पुणे जिल्ह्यातील तरुणांच्या तोंडी 'कंपनी'ला पर्याय म्हणून रुळली ती याच काळात.

परवाना पद्धतीच्या काळात वाहन मिळणे हीच मोठी गोष्ट होती. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. अशा टंचाईत दर्जाविषयी बोलण्याचे धैर्य कोण करणार? तरीही तक्रारी इतक्या होत्या की १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला मोटारगाड्यांच्या दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा अधिनियमात ग्राहकाला थेट स्थान नव्हते. अनुचित व्यापार प्रथांविषयीच्या तरतुदी त्यात १९८४ मध्ये घालण्यात आल्या. दरम्यान, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक हा समाजातील स्वतंत्र घटक आहे, हा विचार महाराष्ट्रात मांडला गेला तो प्रामुख्याने या चळवळीमुळे. तिचा भर स्वाभाविकपणे धान्य, तेल, वजनमापे, भेसळ यांवर होता. गाडीचा मालक हा त्या काळी ग्राहकापेक्षा 'गाडीवाला', म्हणजे थोडाबहुत सधन मनुष्य मानला जात होता, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

कालवे, भाजीपाला आणि पिकअप

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या भागाची शेती बदलली. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर व आळेफाटा येथील कांदा, मंचरचा कांदा-बटाटा आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या हा नाशवंत माल पहाटेपूर्वी पुण्यात किंवा वाशीच्या बाजारात पोहोचविणे आवश्यक झाले. बैलगाडी या कामास निरुपयोगी होती. (तिचा मान पुढे घाटातल्या शर्यतींपुरता उरला. २०१४ च्या बंदीनंतर आणि २०२१ मध्ये ती उठविली जाण्यापूर्वी या शर्यतींसाठी याच तालुक्यांनी किती आंदोलने केली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.) मोठा ट्रक प्रत्येक शेताच्या बांधापर्यंत जाऊ शकत नव्हता. त्यामुळे प्रथम टेम्पो व ४०७, नंतर पिकअप आणि २००५ पासून 'छोटा हत्ती' या नावाने लोकप्रिय झालेली टाटा एस ही वाहने गावोगाव दिसू लागली. यांतील असंख्य गाड्या पतसंस्था, सहकारी बँका किंवा वित्तपुरवठा कंपन्यांच्या कर्जावर घेतलेल्या असतात आणि मालकच त्यांचा चालक असतो.

अशा गाडीच्या चेसिसला जे सोसावे लागते ते प्रवासी मोटारीच्या वाट्याला येत नाही. लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि पाण्यात क्षार विरघळलेले असले की तिचा वेग वाढतो. क्लोराइड हा त्यांतील सर्वांत घातक. पिकअपच्या हौद्यातून जाणारा माल या दृष्टीने पाहिला पाहिजे. म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच होय. फुटलेल्या गोणीतील खत, फुटक्या टोमॅटोचा आंबट रस, कोंबडीखत, शेणखत, ओल्या भाजीचे निथळणारे पाणी हे सर्व फळ्यांच्या फटींतून खाली चेसिसवर पडते. त्यात पश्चिम पट्ट्यातील पावसाळ्याचा चिखल आणि माळशेज घाट उतरून कल्याण-वाशीकडे गेल्यावर लागणारी खाडीकाठची खारी दमट हवा यांची भर पडते. गाडी धुतली जाते ती वरून, खालच्या बाजूचा चिखल तसाच ओला राहतो.

चेसिसची रचनाही विचारात घ्यावी लागते. शिडीसारख्या सांगाड्याचे उभे कैचे उघड्या पन्हाळीच्या आकाराचे असतील तर गंज डोळ्यांना दिसतो व ब्रश पोहोचतो. बंद पेटीच्या आकाराचे कैचे अधिक ताठ असतात, परंतु त्यांच्या आत पाणी व गाळ शिरला आणि निचऱ्याची छिद्रे बुजली की गंज आतून खात येतो. बाहेरून रंग शाबूत आणि हातोडी मारल्यावर पत्रा आत जातो, असा प्रकार घडतो तो यामुळे. निर्मितीच्या वेळी विद्युत-लेपन किती चांगले झाले, लेप पेटीच्या आतल्या अंगाला पोहोचला की नाही, वेल्डिंगच्या सांध्यावर तो टिकला की नाही, यांवर पुढील दहा वर्षांचे भवितव्य अवलंबून असते. मालकाला यांपैकी काहीही विकत घेताना पाहता येत नाही.

वादाचे मूळ येथेच आहे. उत्पादक म्हणतो, गंज हा वापराचा व निगेचा परिणाम आहे. मालक म्हणतो, खत वाहण्यासाठीच तर ही गाडी विकली. जाहिरातीत शेतकरीच दाखविला होता, मग शेतमाल वाहणे हा गैरवापर कसा? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु लेपाच्या जाडीची कागदपत्रे एकाच पक्षाच्या हाती असतात, हे या वादाचा निवाडा करताना विसरता येत नाही.

कायद्याची मुदत आणि गंजाची मुदत

ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ ने 'दोष' या संज्ञेची व्याख्या केली आणि जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय केली. परंतु व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा हा ग्राहक नव्हे, असे त्यातच म्हटले होते. मालवाहू गाडीचा मालक या एका वाक्याने बाहेर फेकला जाण्याचा धोका होता. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगाराद्वारे केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू यातून वगळण्यात आली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या प्रकरणात या स्पष्टीकरणाचा अर्थ लावताना, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा किंवा मालवाहू ट्रक घेणारा मनुष्य ग्राहकच होय, असे उदाहरण दिले. पिकअपवाल्या शेतकऱ्याचे कायद्यातील स्थान या निकालाने पक्के झाले. मात्र त्याच मालकाने तीन-चार गाड्या घेऊन त्यांवर पगारी चालक ठेवले की हे स्थान डळमळीत होते.

दुसरी अडचण मुदतीची. तक्रार करण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत १९९३ च्या दुरुस्तीने घालण्यात आली आणि २०१९ च्या अधिनियमातही ती कायम आहे. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होतो हे खरे. परंतु गंजाच्या बाबतीत कारण नेमके कधी घडले? कारखान्यात लेप अपुरा बसला त्या दिवशी, पहिली फुगलेली रंगाची पापडी दिसली त्या दिवशी, की वाटेत कैचा मोडला त्या दिवशी? इंजिनातील दोष पहिल्या काही हजार किलोमीटरांत बोलू लागतो. गंज मुका असतो. तो बोलतो तेव्हा हमीची मुदत उलटून गेलेली असते, आणि कर्जाचे हप्ते कधी नुकतेच फिटलेले, तर कधी अद्याप चालू असतात. कायद्याने दोषाची जी कल्पना केली ती तात्काळ प्रकट होणाऱ्या दोषाची आहे, असे म्हणावे लागते.

तिसरी अडचण पुराव्याची. जो दोष योग्य चाचणीशिवाय ठरविता येत नाही, त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद दोन्ही अधिनियमांत आहे. परंतु संपूर्ण चेसिस तपासणीला द्यायची म्हणजे गाडी उभी ठेवायची आणि टोमॅटोच्या हंगामात गाडी उभी ठेवणे कोणाला परवडणार? जिल्हा आयोग पुण्यात आहे. जुन्नरहून ते अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. तक्रार २०२० पासून ई-दाखिल व २०२५ पासून ई-जागृती या प्रणालीद्वारे संगणकावरून दाखल करता येते, पण गंजलेली गाडी संगणकावरून दाखल करता येत नाही.

विक्रेता व उत्पादक यांच्यातील नात्याचा प्रश्न गोव्यातील एका प्रकरणात ठळकपणे पुढे आला. २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली मोटार प्रत्यक्षात २००९ ची असल्याचे आणि तिचा खालचा भाग गंजलेला असल्याचे तेथील ग्राहकाचे म्हणणे होते. खालच्या मंचांनी विक्रेत्याबरोबर उत्पादकालाही जबाबदार धरले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सचे अपील मान्य केले. उत्पादक व विक्रेता यांच्यातील करार मूळ धनी व मूळ धनी या स्वरूपाचा आहे, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती हे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद सुसंगत आहे. गावातील मालकाला मात्र शोरूमवरील पाटी कंपनीचीच दिसते.

२०१९ च्या अधिनियमाने 'उत्पादन दायित्व' हे नवे प्रकरण आणले. निर्मितीतील दोष, आराखड्यातील दोष, अपुऱ्या सूचना यांसाठी उत्पादकावर दायित्व येते. गंजाने हैराण झालेल्या मालकाला ही तरतूद आपल्यासाठीच आहे असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु 'हानी' या संज्ञेच्या व्याख्येतून खुद्द त्या उत्पादनाला झालेली हानी व आर्थिक नुकसान वगळले आहे. कैचा मोडून गाडी उलटली व मनुष्य जखमी झाला तर हे प्रकरण लागू होते, कैचा केवळ कुजला तर मालकाला पुन्हा 'दोष' या जुन्या वाटेनेच जावे लागते.

अमेरिकेतील दोन उदाहरणे

उत्पादकाच्या जबाबदारीचा आधुनिक विचार ज्या खटल्यातून सुरू झाला असे मानले जाते, तो योगायोगाने गाडीच्या चाकाचाच होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात न्या. कार्डोझो यांनी मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक या प्रकरणात निर्णय दिला. मोटारीच्या चाकाचे लाकडी आरे निकृष्ट होते, चाक मोडले व मालक जखमी झाला. चाक दुसऱ्या कारखान्याने बनविले होते आणि मोटार विक्रेत्याने विकली होती, तरीही तपासणी न करणारा मोटार उत्पादक जबाबदार ठरला. 'गाव-गाडा' प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्याच वर्षी हे घडले. आपल्याकडे आरे बसविणारा सुतार समोरच्या आळीत राहत होता, तिकडे तो कोण हे शोधण्यासाठी न्यायालयात जावे लागत होते.

दुसरे उदाहरण थेट चेसिसच्या गंजाचे आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत टोयोटाच्या टाकोमा या पिकअपच्या चेसिसला भोके पडू लागली. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० या वर्षांच्या गाड्यांसाठी १५ वर्षांची विस्तारित हमी जाहीर केली आणि दुरुस्त न होणाऱ्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट किमतीने परत घेतल्या. नंतरच्या वर्षांच्या मॉडेलांबाबत मालकांनी सामूहिक दावे केले आणि २०१६ मध्ये सुमारे १५ लाख वाहनांना लागू होणारा, ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या मूल्याचा समझोता पुढे आला. त्यात विक्रीपासून १२ वर्षांपर्यंत तपासणी व आवश्यक तेथे चेसिस बदलून देण्याची सोय होती. कंपनीने दोष मान्य केला नव्हता. या प्रकरणात रस्त्यावरचे मीठ हे कारण मान्य असूनही त्यामुळे उत्पादकाची सुटका झाली नाही. मीठ पडणाऱ्या प्रदेशात गाडी विकायची तर मिठाला टिकेल असा सांगाडा द्यावा, ही अपेक्षा रास्त ठरली. जुन्नरच्या बाबतीत मिठाच्या जागी पोटॅश ठेवले की युक्तिवाद तोच राहतो.

रिकॉल, पासिंग आणि चेसिस क्रमांक

भारतात वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने वाहने परत बोलावण्याची संहिता स्वीकारली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९ मधील कलम ११०-अ ने ती सक्तीची करण्याचा अधिकार शासनास दिला व १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले. दोषाने पर्यावरणास, चालकास किंवा रस्त्यावरील इतरांस इजा पोहोचण्याची शक्यता असली पाहिजे आणि ठराविक प्रमाणात मालकांनी तक्रारी नोंदविल्या पाहिजेत, अशी या तरतुदीची रचना आहे. वाहन सात वर्षांहून जुने असल्यास नियम लागू होत नाहीत. तक्रारींच्या संख्येची अट पाहता गावच्या वेल्डरकडे जाऊन पट्टी मारून घेणारा मालक या मोजदादीत कधीच येत नाही. नारायणगाव, मंचर, आळेफाटा येथील गॅरेजांत दरवर्षी किती चेसिसना पट्ट्या मारल्या जातात याची नोंद कोणत्याही कार्यालयात होत नाही. खेड्याने आपली लोहाराची परंपरा वेल्डरच्या रूपाने चालू ठेवली आणि तीच उत्पादकाच्या पथ्यावर पडली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही 'पासिंग' या दोन्ही तालुक्यांसाठी पिंपरी-चिंचवडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत येते. तेथे गाडीचा चेसिस क्रमांक पाहिला जातो. हा क्रमांक कारखान्यात सांगाड्याच्या लोखंडावर ठोकलेला असतो. गंजाने लोखंडाचे पापुद्रे सुटले की अंक पुसट होतात आणि मग गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्याचे काम मालकावर येते. अर्ज, पोलिसांचा दाखला, पुन्हा क्रमांक ठोकण्याची परवानगी असे त्याचे टप्पे असतात. लेप कारखान्यात बसला होता, क्रमांकही कारखान्यातच ठोकला होता. तो खाऊन गेलेला गंज मात्र नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे त्याच्या खाती जमा होतो.